सरकारी पत्र कसं वाचायचं? कुर्ता मेमोतले चार प्रश्न

गेल्या दोन लेखांत आपण पुस्तकाचं आणि शोधनिबंधाचं परीक्षण कसं लिहायचं ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी जवळपास एकच अडचण सांगितली. "माझ्या विषयावर पुस्तकं फारशी नाहीतच. आहेत ती परिपत्रकं, अर्जाचे नमुने, निकालपत्रं. त्यांचं काय परीक्षण करणार? ती तर फक्त 'साधनं' आहेत ना?"

नाही. परिपत्रकही कुणीतरी लिहिलेलं असतं. त्यात एक म्हणणं असतं, काही गृहीतकं असतात आणि काही गोष्टी सोयीस्करपणे बाहेर ठेवलेल्या असतात. पुस्तक वाईट निघालं तर फार तर आपला वेळ जातो. परिपत्रक वाईट लिहिलं गेलं तर एखाद्याचा दवाखाना जातो, शिक्षण जातं, नोकरी जाते. म्हणून त्याचं परीक्षण जास्त कसून व्हायला हवं.

आज उदाहरण म्हणून माझ्याच कामातलं एक पत्र घेते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २५ ऑगस्ट २०१७ रोजी काढलेलं. ते त्या वेळी सेवकवर्ग विभागाच्या उपसचिवाचं काम पाहणाऱ्या अँथनी कुर्ता यांच्या सहीने निघालं, म्हणून 'कुर्ता मेमो' या नावाने ओळखलं जातं. सैन्यातून वाईट शेरा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला तो शेरा बदलून हवा असेल, तर त्याच्या अर्जाकडे बोर्डाने कसं पाहावं, हे त्यात सांगितलंय. या मागणीला तिकडे 'डिस्चार्ज अपग्रेड' म्हणतात.

आधी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर पुढचं काहीच कळणार नाही.

पाच पायऱ्यांची शिडी

आपण 'बडतर्फ' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. अमेरिकन सैन्यात तसं नाही. तिथे सेवामुक्तीचे मुख्य पाच दर्जे आहेत. सगळ्यात वर 'ऑनरेबल', म्हणजे सन्माननीय. त्याखाली 'जनरल', मग 'अदर दॅन ऑनरेबल'. हे तीन प्रशासकीय आहेत, म्हणजे कोर्ट मार्शल न होता, कागदोपत्री कारवाईने दिले जातात. त्याखालचे दोन, 'बॅड कंडक्ट' आणि 'डिसऑनरेबल', हे कोर्ट मार्शलने शिक्षा म्हणून दिलेले असतात.

वाद सर्वात जास्त मधल्या पायरीवरून होतो. 'अदर दॅन ऑनरेबल' मिळालेल्या माणसावर कोर्टात काहीही सिद्ध झालेलं नसतं. तरी त्याच्या सेवामुक्तीच्या दाखल्यावर, म्हणजे 'डीडी २१४' या फॉर्मवर, तो शेरा कायमचा बसतो. नोकरी देणारा तो दाखला मागतो. माजी सैनिकांच्या खात्याचा दवाखाना तो बघतो. शिक्षणासाठीच्या 'जीआय बिल'ला तर पूर्ण 'ऑनरेबल' लागतं, एक पायरी खालचं 'जनरल'सुद्धा चालत नाही.

इथे एक शब्दांची गंमत आहे, ती वहीत टिपून ठेवा. १९४४ च्या मूळ जीआय बिलमध्ये सवलतींसाठी अट होती ती 'अदर दॅन डिसऑनरेबल' सेवामुक्तीची. म्हणजे 'डिसऑनरेबल सोडून बाकी काहीही'. आणि दाखल्यावरचा शेरा आहे 'अदर दॅन ऑनरेबल', म्हणजे 'ऑनरेबल सोडून काहीतरी'. दोन शब्दप्रयोग जवळजवळ सारखे, पण मध्ये एक मोठी पोकळी. कायद्याच्या शब्दांप्रमाणे या पोकळीतला माणूस आत येऊ शकतो. प्रत्यक्षात माजी सैनिकांचं खातं त्याची वेगळी तपासणी करतं आणि तोवर तो दाराबाहेर असतो. २०१६ मध्ये हार्वर्डच्या कायदा विद्यालयातलं क्लिनिक आणि 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स' ही संस्था यांनी मिळून काढलेल्या 'अंडरसर्व्ड' या अहवालात म्हटलंय की, २००१ नंतर सेवा केलेल्यांपैकी ६.५ टक्के लोक अशा रीतीने सवलतींबाहेर राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीत हेच प्रमाण १.७ टक्के होतं आणि व्हिएतनामच्या काळात २.८ टक्के.

दोन दारं आणि एक गृहीतक

शेरा बदलून घ्यायला दोन दारं आहेत. पहिलं 'डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड'. तेही १९४४ च्या त्याच कायद्याने आलं. तिथे सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि जनरल कोर्ट मार्शलने दिलेला शेरा या बोर्डाला बदलता येत नाही. दुसरं दार म्हणजे लष्करी नोंदी दुरुस्त करणारं बोर्ड. ते १९४६ च्या कायद्यातून आलं. तिथे चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, पण न्यायासाठी गरज वाटली तर बोर्ड ती माफ करू शकतं.

दोन्ही दारांवर एकच पाटी आहे. सरकारी कारभार नियमाप्रमाणेच झाला असणार, असं गृहीत धरूनच तिथे सुरुवात होते. चूक झाली हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. आता विचार करा. २० वर्षांचा पोरगा, परदेशातल्या तळावरून घाईघाईत घरी पाठवलेला. त्याच्याकडे स्वतःची कागदपत्रं किती असणार? ज्या कार्यालयाने त्याच्याविरुद्ध नोंदी केल्या, त्याच नोंदी पुराव्यादाखल पुढे येतात. त्याच्या बाजूची नोंद बहुतेक वेळा कुणी केलेलीच नसते.

मेमो आला कुठून?

'पीटीएसडी' हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत आलं ते १९८० साली. म्हणजे १९७० मध्ये व्हिएतनामहून परतून दारू, गैरहजेरी, वरिष्ठांशी भांडण अशा कारणांनी काढलेल्या माणसाच्या फाइलमध्ये हा शब्द सापडणं शक्यच नव्हतं. शब्दच अस्तित्वात नव्हता. आणि १५ वर्षांची मुदत मोजली तर पहिलं दार १९८५ मध्ये बंद झालं. निदान वैद्यकशास्त्रात रुजेपर्यंत मुदत संपली.

मार्च २०१४ मध्ये व्हिएतनाममधल्या काही माजी सैनिकांनी येल विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने सरकारवर दावा लावला. 'मंक विरुद्ध मेबस' या नावाने तो ओळखला जातो. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला संरक्षण सचिव चक हेगल यांनी पत्र काढलं, की पीटीएसडीचा दावा असेल तिथे बोर्डांनी 'लिबरल कन्सिडरेशन', म्हणजे उदार नजरेने विचार करावा. पुढे काँग्रेसने हे तत्त्व कायद्यातच घातलं. पण उदार म्हणजे नक्की किती उदार? हे स्पष्ट करायला २०१७ चा कुर्ता मेमो आला. त्याने पीटीएसडीबरोबर डोक्याला झालेली इजा, इतर मानसिक आजार, लैंगिक अत्याचार आणि लैंगिक छळ हेही आत घेतलं, आणि बोर्डापुढे चार प्रश्न ठेवले. माझ्या शब्दांत ते असे:

१. सेवामुक्तीला कारण ठरलेलं वर्तन माफ किंवा सौम्य ठरू शकेल, असा काही आजार किंवा अनुभव या व्यक्तीला होता का?
२. तो सेवेच्या काळातला होता का?
३. त्यामुळे ते वर्तन खरोखर माफ किंवा सौम्य ठरतं का?
४. तो आजार किंवा अनुभव सेवामुक्तीपेक्षा वजनदार ठरतो का?

आधी जे चांगलं आहे ते

परीक्षण लिहिताना दोष काढायची घाई होते. विशेषतः संशोधनाच्या पहिल्या वर्षी, कारण दोष काढला की आपण हुशार दिसतो असं वाटतं. मी पण तेच केलं होतं. तर आधी या मेमोने काय दिलं ते प्रामाणिकपणे मांडू.

पहिली गोष्ट, या मेमोनुसार अर्जदाराची स्वतःची साक्षसुद्धा पुरेशी ठरू शकते. फाइलमध्ये निदान नाही, म्हणजे आजार नव्हताच, असं म्हणून बोर्डाला मोकळं होता येत नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या तोंडी शब्दाला पहिल्यांदा किंमत मिळाली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या गैरवर्तनामुळे माणसाला काढलं, ते गैरवर्तनच आजाराचा पुरावा असू शकतं, असं मेमो म्हणतो. काम अचानक ढासळणं, बदलीसाठी धडपड, नशापाणी. आतापर्यंत हे सगळं 'गुन्ह्या'च्या रकान्यात होतं. आता तेच कागद 'लक्षणां'च्या रकान्यातही वाचता येतात. फाइल तीच आहे, तिच्याकडे बघण्याची दिशा बदलली. जुन्या दप्तरांवर काम करणाऱ्या कुणालाही यातून शिकण्यासारखं आहे.

आता वाचनाला लागू

चारही प्रश्न पुन्हा वाचा, आणि या वेळी क्रियापदांकडे बघा.

पहिल्या प्रश्नात 'ठरू शकेल' आहे. तिसऱ्यात 'खरोखर ठरतं' आहे. मूळ इंग्रजीतही हा फरक स्पष्ट आहे. पहिल्या प्रश्नाला शक्यता पुरते, तिसऱ्याला निश्चिती लागते. एकाच पानावर मेमोने एक दार सैल केलं आणि दुसरं घट्ट. अर्जदार पहिल्या दोन प्रश्नांतून सहज पुढे येतो, त्याला वाटतं जिंकलो, आणि तिसऱ्यावर अडतो.

तिसरा प्रश्न कार्यकारणाचा आहे. पीटीएसडी असलेला सैनिक न सांगता गैरहजर राहिला, तर दोहोंचा संबंध लावता येतो. पण त्याने पैशांची अफरातफर केली असेल तर? विचारपूर्वक आखून केलेलं गैरवर्तन मानसिक आजाराने सहसा माफ ठरत नाही, असं मेमो स्वतःच सांगतो. इथे बोर्डाचा वैद्यकीय सल्लागार मत देतो. म्हणजे प्रश्न वरून न्यायाचा दिसतो, पण उत्तर देणारा डॉक्टर असतो, आणि तोही बहुतेक वेळा त्या माणसाला न भेटता, फाइल वाचून.

चौथा प्रश्न सगळ्यात गोलमाल. 'वजनदार ठरतो का?' वजन म्हटलं की तराजू हवा, मापं हवीत. मेमोत मापं नाहीत. आजाराचं वजन कशात मोजायचं आणि सेवामुक्तीचं कशात? दोन वर्षांच्या लढाईतल्या सेवेचं वजन किती, एका हाणामारीचं किती? उदार विचार करा, पण उदार विचार म्हणजे दर्जा वाढवायलाच हवा असं नाही, इतकंच मेमो सांगतो.

माझा मुख्य आक्षेप असा आहे. पहिले दोन प्रश्न वस्तुस्थितीचे, तिसरा कार्यकारणाचा आणि चौथा मूल्यनिर्णयाचा. चारही मात्र एकाच घडणीच्या वाक्यात, 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तराच्या अपेक्षेने लिहिलेत. त्यामुळे शेवटचा निवाडासुद्धा पुराव्यातून आपोआप निघालेल्या निष्कर्षासारखा दिसतो. निकालपत्रांत तुम्हाला हेच दिसेल. चार प्रश्न क्रमाने, पहिल्याला 'हो', दुसऱ्याला 'हो', तिसऱ्याला 'काही अंशी', चौथ्याला 'नाही'. पहिल्या तिघांना कारणं दिलेली असतात. चौथ्याचं कारण पुष्कळदा तिसऱ्याचीच पुनरुक्ती असते. बोर्डाने निवड केली आणि ती मोजणीच्या भाषेत लिहिली.

शिवाय जुनं गृहीतक कुठेही गेलेलं नाही. कारभार नियमाप्रमाणेच झाला असणार, हेही गृहीत धरायचं, आणि अर्जदाराकडे उदारपणेही बघायचं. एका फाइलवर दोन विरुद्ध दिशेची गृहीतकं. दोन्हींची टक्कर झाली तर कुठलं जिंकणार, याचं सरळ उत्तर मेमोत मिळत नाही. याचे परिणाम न्यायालयात दिसले. उदार विचार प्रत्यक्षात होत नाही, अशी तक्रार घेऊन लष्कराविरुद्ध आणि नौदलाविरुद्ध माजी सैनिकांनी मोठे सामूहिक दावे लावले. 'केनेडी' आणि 'मँकर' ही त्यांची नावं. दोन्हींत तडजोड होऊन अनेक जुन्या अर्जांचा फेरविचार करायचं ठरलं.

आजारी असशील तर ये

आता मोठा मुद्दा. हा नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कर 'ब्लू डिस्चार्ज' नावाची सेवामुक्ती देत असे. निळ्या कागदावर छापलेली म्हणून हे नाव. ती सन्माननीयही नव्हती आणि डिसऑनरेबलही नव्हती. समलैंगिक असल्याचा संशय असलेले सैनिक आणि कृष्णवर्णीय सैनिक यांच्या वाट्याला ती मोठ्या प्रमाणात आली. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात लष्कराने दिलेल्या ४८,६०३ निळ्या दाखल्यांपैकी १०,८०६ कृष्णवर्णीयांना मिळाले, म्हणजे २२ टक्क्यांहून थोडे जास्त. लष्करात त्यांचं प्रमाण होतं साधारण ६.५ टक्के. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५ मध्ये याविरुद्ध आवाज उठवला, १९४६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीनेही टीका केली, आणि १९४७ मध्ये निळा दाखला बंद झाला. त्याच्या जागी 'जनरल' आणि 'अनडिझायरेबल' असे दोन दर्जे आले. 'अनडिझायरेबल'चंच नाव पुढे 'अदर दॅन ऑनरेबल' झालं. कागदाचा रंग गेला, पायरी राहिली.

आता या माणसांपैकी एखादा कुर्ता मेमोच्या चार प्रश्नांपुढे उभा आहे अशी कल्पना करा. तुला काय आजार होता? काहीच नव्हता. तुझ्यावर काय अत्याचार झाला? वरिष्ठाने दुसऱ्या सैनिकाला समज देऊन सोडलं, मला त्याच गोष्टीसाठी घरी पाठवलं. हे उत्तर मेमोच्या कुठल्या रकान्यात बसतं? कुठल्याच नाही.

लैंगिक छळाच्या बाबतीत मेमो संस्थेच्या आत झालेली इजा मान्य करतो, हे खरं. पण एकंदर रचना अशी आहे, की खुलासा सैनिकाच्या शरीरात आणि मनात शोधायचा. तो तसा का वागला? संस्थेने त्याला असं का वागवलं, हा प्रश्न चारांत नाही. परिणामी शेरा पुसून घ्यायचा सर्वात मळलेला रस्ता रुग्ण होण्यातून जातो. ज्याला आजार नव्हता, फक्त अन्याय झाला होता, त्याच्यासाठी रस्ता लांबचा.

संरक्षण खात्याला हे अपुरेपण जाणवलं असावं, असं मला वाटतं. कारण वर्षभरातच, २५ जुलै २०१८ रोजी, रॉबर्ट विल्की यांच्या सहीने आणखी एक पत्र निघालं. त्यात आजाराची अट नाही. न्याय, समदृष्टी आणि क्षमा या कारणांवर दर्जा वाढवता येतो, काळाप्रमाणे बदललेली धोरणं, शिक्षेतली तफावत, नंतरच्या आयुष्यातली सुधारणा बघता येते, असं ते सांगतं. कुर्ता मेमोवर लिहिणाऱ्याने विल्की मेमो बाजूला ठेवून लिहू नये. एका पत्रातली पोकळी दुसऱ्या पत्राने दाखवून दिली, हे संशोधकाच्या हाती आयतं आलेलं साधन आहे.

उलट बाजूही मांडायला हवी. कुणी म्हणेल, "बोर्डापुढे लाखो फाइली. काहीतरी ठोस निकष हवाच. आजार निदान तपासता तरी येतो, अन्याय कसा तपासणार?" या म्हणण्यात तथ्य आहे. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात व्हिएतनामच्या सैनिकांसाठी सैल निकषांचा खास कार्यक्रम काढला गेला, तेव्हा काँग्रेसने त्याच वर्षी कायदा केला, की अशा रीतीने वाढवलेल्या दर्जावर आपोआप सवलती मिळणार नाहीत, एकसमान निकषांवर पुन्हा तपासणी होईल. म्हणजे कागद बदलला, पण दवाखान्याचं दार तसंच राहिलं. मेमो लिहिणाऱ्यांनी वैद्यकशास्त्राचा आधार का धरला असेल, हे यावरून समजू शकतं. वैद्यकीय कारणावर 'ही खिरापत आहे' असा आरोप करणं कठीण जातं. माझा आक्षेप यामुळे मागे पडत नाही, पण त्याची धार कुठे थांबते ते कळतं. परीक्षणात हे लिहायलाच हवं.

माझी चूक

आता माझी गोष्ट. बोर्डांची निकालपत्रं नावं काढून सार्वजनिक केली जातात. १९७७ च्या एका न्यायालयीन तडजोडीपासून ही पद्धत आहे, आणि आज ती इंटरनेटवर वाचता येतात. इथे बसून अमेरिकन विषयावर काम करता येतं ते त्यामुळेच. पहिल्या वर्षी मी ती भराभर उतरवली आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. आजार कोणता, गैरवर्तन कोणतं, मंजूर की नामंजूर. टक्केवारी काढली, रंगीत आलेख केले. सहामाही प्रगती अहवालात थाटात लिहिलं, की अमुक आजार असलेल्या सैनिकांचं गैरवर्तन अमुक प्रकारचं असतं.

मॅडमनी अहवाल वाचला आणि समासात एकच ओळ लिहिली: "हे सैनिकांबद्दल आहे की बोर्डाबद्दल?"

दोन दिवस मला राग आला होता. तिसऱ्या दिवशी कळलं. निकालपत्र सैनिकाने लिहिलेलं नाही. त्याचा अर्ज, त्याचं निवेदन, त्याच्या आईचं पत्र, यातलं बोर्डाला जेवढं महत्त्वाचं वाटलं तेवढंच दोन ओळींत त्यात आलंय. माझा तक्ता बोर्ड कसं लिहितं, हे सांगत होता. सैनिक कसे वागतात याबद्दल तो काहीच सांगू शकत नव्हता. शिवाय त्यात फक्त अर्ज केलेले होते. ज्यांना अर्ज करता येतो हेच माहीत नाही, ज्यांनी शरमेने दाखला कुणाला दाखवलाच नाही, जे बेघर झाले, जे गेले, ते कुठल्याच रकान्यात नव्हते. आणि पहिल्या बोर्डाच्या निकालांत जनरल कोर्ट मार्शलवाले तर असणारच नव्हते. तक्ता टाकून दिला. चार महिने गेले. पण प्रबंधाचा विषय त्या एका ओळीने बदलला. आता मी निकालपत्रांच्या भाषेवरच काम करते.

दुसऱ्यांच्या आकड्यांबाबतही हीच काळजी घ्या. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१७ मध्ये दिलेला एक आकडा तुम्हाला जागोजागी दिसेल: २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनासाठी काढलेल्या ९१,७६४ जणांपैकी ६२ टक्क्यांना 'पीटीएसडी, मेंदूची इजा किंवा इतर ठरावीक आजारांचं' निदान आधीच्या दोन वर्षांत झालेलं होतं. अनेक लेखांत याचं रूपांतर '६२ टक्क्यांना पीटीएसडी होता' असं होतं. अहवाल तसं म्हणत नाही. पीटीएसडी किंवा मेंदूची इजा यांचं प्रमाण त्यात १६ टक्के आहे. जुळवून घेण्याशी संबंधित विकार आणि दारूशी संबंधित विकार जास्त आहेत. 'किंवा' या शब्दाने केवढं ओझं उचललंय बघा. आणि ज्यांना काढलं नाही त्यांच्यात हे निदान किती होतं, ही तुलना केल्याशिवाय '६२' या आकड्यावरून कारण सिद्ध होत नाही.

याचा अर्थ आकडा क्षुल्लक आहे असा अजिबात नाही. निदान हातात असताना ५७,१४१ माणसांना बाहेर काढलं गेलं, आणि त्यातल्या १३,२८३ जणांच्या दाखल्यावर 'अदर दॅन ऑनरेबल' आलं. एवढं सत्य पुरेसं भारी आहे. ते फुगवायची गरज नाही. फुगवलेला आकडा विरोधकाने एकदा पकडला, की खऱ्या माणसाचा अर्जही संशयाने बघितला जातो. आपल्या ढिसाळपणाची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो.

तुमच्या विषयासाठी

तुमच्या टेबलावर अमेरिकन मेमो नसेल. शिष्यवृत्तीचं परिपत्रक असेल, पुनर्वसनाचा शासन निर्णय असेल, जातपडताळणी समितीचं निकालपत्र असेल. पद्धत तीच आहे. क्रियापदं अधोरेखित करा, कुठे शक्यता पुरते आणि कुठे निश्चिती मागितलीय ते बघा. कुठला प्रश्न वस्तुस्थितीचा आणि कुठला मूल्यनिर्णयाचा, ते वेगळं करा. सिद्ध करायची जबाबदारी कुणावर टाकलीय ते शोधा. या कागदाच्या रकान्यात न बसणारा एक माणूस डोळ्यांपुढे आणा, आणि त्याला तो कागद भरायला लावा. शेवटी, हा कागद नक्की कुणाबद्दल सांगतो, हे स्वतःला विचारा. मॅडमची ती ओळ मी आता टेबलासमोर चिकटवून ठेवलीय.

कुर्ता मेमोबद्दल माझं मत विचाराल तर सांगते. तो आला हे बरं झालं. त्याच्या आधी ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती, त्यांना त्याने ऐकायला लावलं. पण त्याने ऐकायची अट घातली ती दुखण्याची. ज्याचं दुखणं नव्हतं, फक्त म्हणणं होतं, त्याला त्याने दुसऱ्या रांगेत पाठवलं.

पुढच्या लेखात 'डीडी २९३', म्हणजे पहिल्या बोर्डापुढे करायचा अर्जाचा फॉर्म, रकान्यागणिक वाचू. तोवर तुमच्या विषयातला एखादा फॉर्म काढून ठेवा. भरू नका, नुसता वाचा.